चारशे मेंढरं आणि एकच धोंडाबाई

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, उगाच ठसका लागेल. नऊ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घासलेल्या बाईनं मार्गासनीच्या मैदानात, भर दिवसा, चारशे मेंढरांच्या साक्षीनं कशी माती खाल्ली, ते सांगते. ती बाई म्हणजे मीच. दुसरं कोण असणार?

सासर माझं किकवी, माहेर मार्गासनी. नोकरी पुण्यात, पण आठवड्यातले तीन दिवस घरून काम. त्यामुळे माहेरी माझा रुबाब असा, की कुणाचा मोबाईल नुसता गरम झाला तरी, "सुजाताला दाखवा!"

तर आमच्याकडे दरवर्षी शेळ्यामेंढ्यांना लस टोचायचं शिबिर असतं. शिबिर कसलं, कुस्तीचा फडच! सगळे एकदम येतात, कळप एकमेकांत मिसळतात आणि टोचायचं राहतं बाजूला. यंदा नव्या डॉक्टरबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मोबाईलवर नंबर लावता येईल का हो?"

"त्यात काय!" मी म्हटलं. "एका रविवारचं काम."

केलंही. नाव टाका, जनावरं किती ते टाका, सोयीची वेळ निवडा, लगेच नंबर मिळणार. मी स्वतः दहा वेळा माझं नाव टाकून तपासलं. यादीत दहा ओळी, दहाही ओळींत सुजाता. वा! शिबिराच्या आदल्या दिवशी गावागावांतून अठ्ठेचाळीस जणांनी नंबर लावले. मी खूश, डॉक्टरबाई खूश.

शिबिराच्या दिवशी सकाळी आठला आम्ही मैदानात हजर. बर्फाच्या पेटीत लस. दीड वाजता बाईंना पुढच्या गावाला निघायचं होतं. बर्फ तरी किती दम धरणार?

आठ वाजले. कुणी नाही. साडेआठ. एक शेळीसुद्धा नाही! नऊला बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच बॅगेत शेळ्या लपवून ठेवल्यात.

आणि पावणेदहाला चारी बाजूंनी धूळ उठली. अहो, सगळे एकदम! मेंढरं, शेळ्या, कुत्री, दोन टेम्पो. जे टळावं म्हणून एवढा खटाटोप केला, ते दुपटीनं अंगावर आलं!

सगळ्यांत पुढे बाळूतात्या. ऐंशी मेंढरांचा मालक आणि आवाज त्याहून मोठा.

"सुजे, म्या पैला नंबर लावला व्हता. आन् आज मोबाईल काय म्हंतोय बघ! धोंडाबाई, मेंढ्या चार, येळ पावणेदहा! म्या काय धोंडाबाई हाय व्हय?"

"माझ्या बी मोबाईलात धोंडाबाईच!" मागून एकजण ओरडला.

"माझ्या बी! समदे नंबर एकल्या बाईला कसं काय? वशिला कुनाचा?"

मी घाईघाईनं लॅपटॉप काढला. यादी उघडली. अठ्ठेचाळीस ओळी. अठ्ठेचाळीस धोंडाबाई!

काय झालं होतं, साध्या भाषेत सांगते. सर्व्हरवर माहिती ठेवायला दोन जागा असतात. एक ज्याची त्याची, दुसरी सगळ्यांची मिळून. यादी मी सगळ्यांच्या जागेत ठेवली, ते बरोबरच. पण नवा माणूस आला की नवी कोरी ओळ घ्यायची असते. मी ओळ एकदाच बनवली, तीही सगळ्यांच्याच जागेत, आणि दर वेळी तीच पुसून तिच्यावर पुढचं नाव लिहीत गेले. म्हणजे अठ्ठेचाळीस खिळ्यांवर पाटी एकच! शेवटचा नंबर धोंडाबाईंचा, म्हणून अख्खा तालुका धोंडाबाई. आणि तपासताना दहाही वेळा नाव माझंच. मग दिसणार काय, कपाळ?

तेवढ्यात खुद्द धोंडाबाई आल्या. डोंगरावरच्या वस्तीतल्या, सत्तरीच्या. मोबाईल त्यांच्याकडे नाहीच, शेजारणीनं नंबर लावून दिला होता. नवं कोरं लुगडं, कपाळभर कुंकू, मागे चार मेंढ्या आणि दोन दिवसांचं कोकरू.

"पोरी, समद्यांच्या मोबाईलात माजंच नाव हाय म्हनं. म्हंजे उद्घाटन माज्या हातनं हाय न्हवं? म्या नारळ घिऊन आले."

आता यांना काय सांगायचं? मी तोंड उघडणार, तोच डॉक्टरबाई पुढे झाल्या. "हो मावशी! तुमचीच वाट बघत होतो. नारळ फोडा आणि दोन शब्द बोला." आणि हळूच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किती वेळ लागेल?"

"पंधरा मिनिटं!"

टेम्पोच्या फाळक्यावर लॅपटॉप ठेवला. अख्ख्या मैदानात रेंज तिथेच येत होती. एक शेळी चार्जरची वायर चाटतेय, बाळूतात्या कानाशी फुत्कारतायत आणि मी टाइप करतेय. प्रत्येकाला नवी ओळ! ज्याचा नंबर त्याच्या स्वतःच्या जागेत! बदल करायचा तर यादीतल्या त्याच एका ओळीत, बाकीच्या ओळींना हात नाही!

तिकडे धोंडाबाईंचे दोन शब्द चांगली वीस मिनिटं चालले. मेंढरू आजारी कसं ओळखावं, पावसात कुठं बसवावं, कुणाच्या बापजाद्यांनी कुठं चुका केल्या, सगळं आलं. माणसं हसत होती, भांडायचं विसरली होती.

"झालं!" मी ओरडले. "आधीची नावं पुसली गेली, परत टाका. बाळूतात्या, पहिले तुम्ही!"

तात्यांनी नाव टाकलं. मग शेजाऱ्यानं टाकलं. दोघांनी मोबाईल शेजारी शेजारी धरले. मी देवाचं नाव घेतलं.

"आयला! म्या बाळूच हाय की गं!" तात्या असे हरखले, जणू नुकतंच बारसं झालंय.

मग काय विचारता! एकेक नंबर पुकारला, एकेक कळप आला, टोचला, बाजूला झाला. एक टोचला की मी त्याच्या ओळीत 'झालं' लिहायचे आणि ते फक्त त्याच्याच ओळीत उमटायचं. दर वेळी मला नाचावंसं वाटत होतं! दुपारी सव्वा वाजता शेवटचं मेंढरू टोचून झालं. चारशेच्या वर जनावरं, पेटीत बर्फ शिल्लक, एक भांडण नाही. टाळ्या पडल्या. तात्यांनी माझ्या डोक्याला स्वतःचा फेटा बांधला. मी तर हवेतच!

त्या भरात धोंडाबाईंजवळ जाऊन बसले आणि ऐटीत सगळं समजावलं. सगळ्यांची जागा, ज्याची त्याची जागा, कोण कुठलं हे ओळखण्यात माझी झालेली गफलत.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "ह्ये शिकाया किती वर्सं लागली म्हनं?"

"इंजिनिअरिंगची चार, मावशी," मी फेटा सावरत म्हटलं. "आणि नोकरीची नऊ."

त्यांनी मांडीवरच्या कोकराला खाली सोडलं. ते शंभरेक मेंढ्यांच्या गर्दीतून वाट काढत नेमकं आपल्या आईला जाऊन लुचलं.

"ह्ये परवा जल्मलं," धोंडाबाई म्हणाल्या.