खाकरण्याचा नंबर

अगं, जवळ ये, इथी बस. भरपेट जेवून लगेच आडवी काऊन होतेस? अन् वरून खाकरतेस. अशाच खाकरण्यापायी माझी चूल जाणार होती, ऐकून ठेव.

अहेरीकडच्या आश्रमशाळेत मी स्वयंपाकीण होते. पोरांची पंगत उठली की उरलासुरला तिखटजाळ रस्सा भातावर घ्यायचा आणि तिथेच चुलीपाशी लवंडायचं. सकाळी आवाज बसलेला, घशात गोळा. शाळेने तपासणीला पाठवलं, तर दवाखान्यातल्या बाबूंनी माझं खाकरणं ऐकून चिठ्ठीवर जुन्या खोकल्याचा नंबर टाकला. तिथे प्रत्येक रोगाला नंबर असे, आणि हा छातीच्या रोगाच्या संशयाचा. थुंकी तपासली, साफ निघाली. नंबर तसाच राहिला.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही चांगल्याच आहात. पण नंबर चांगला नाई." मला आंगण झाडायला लावलं. सुट्ट्यांनंतर चुलीवर दुसरी बाई येणार, हेही ठरलं.

शेजारणी मायाळू. घसा मोकळा व्हावा म्हणून कोणी अंबाडीचं आंबट आणून द्यायची, कोणी लाल मिरचीचा रस्सा. मी मान राखून सगळं प्यायचे. खाकरणं वाढलं, आणि तो नंबर दिवसेंदिवस खरा वाटू लागला.

शेवटी चंद्रपूरला घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं. "जेवल्यावर किती वेळानं निजता?"

"वेळ कायचा बाई, हात धुतला की निजते."

त्या हसल्या. पोटातलं आम्ल घशापर्यंत चढतं म्हणाल्या, छाती ठणठणीत आहे. तिथल्या बाबूंनी पोटातल्या पित्ताचा नंबर टाकून दिला.

हेडमास्तरांनी कागद उलटसुलट पाहिला. "तक्रार घशाची, अन् कागद पोटाचा? मग घशाचं काय झालं?"

पुन्हा बस, पुन्हा चंद्रपूर. या वेळी डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं: दुखणं घशाचं, कारण पोटातलं आम्ल, कोणाला लागत नाही. आणि नेमका त्याचाच नंबर बाबूंकडून शोधून घेतला.

चूल परत मिळाली. तो कागद वाचताना हेडमास्तर स्वतः दोनदा खाकरले. त्यांना नंबर कोणी विचारला नाही.

तेव्हापासून मी दिवे लागायच्या आत जेवते, मिरची जिभेला लावत नाही. रस्सा नुसत्या अंदाजाने करते. म्हणून म्हणते, लवकर येत जा, आणि दिवस असताना ये. तो तिखट झाला की फिका, हे चाखून सांगायला मला कोणीतरी पाहिजे.