गेणूचा पैरा

महिपती दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं आणि पंक्चर काढायला मी होतो. माणूस मनाने चांगला, पण त्यांच्याशी डोकं लावून माझे केस पिकले. कारण दाजी सगळ्या जगाकडे बैलगाड्याच्या शर्यतीच्या नजरेने बघत.

अडतीस सालची गोष्ट. दसऱ्याला खोपोलीपासून घाट चढून लोणावळ्यापर्यंत सायकलींची शर्यत असे. जिंकणाऱ्या दुकानाला ढाल मिळे, आणि सलग तीन वर्षं जिंकली तर ती कायमची. आम्ही ती दोनदा आणली होती, दोन्ही वेळा गेणूच्या जिवावर. गेणू नवलाख उंबरे गावचा. दाजी त्याला पगार, दूध आणि सायकल देत, तो इमानाने पळे. तिसऱ्या वर्षी मात्र दाजींच्या डोक्यात किडा शिरला. तळेगावच्या दत्तोबांच्या दुकानात सावळा नावाचा ठाकर गडी आला होता, आणि तो म्हणे चढाला सीटवरून उठतसुद्धा नाही.

महिनाभर दाजींनी माझं डोकं खाल्लं. "गेणू पोटरीला भरलाय, पन दमाला कमी. सावळा हाडानं हलका. तुला काय वाटतं रं, रखमाजी?"

"गेणूलाच ठेवा," मी सांगे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तळेगावला जाऊन त्यांनी सावळ्याला भर रस्त्यात चालवून पाहिलं, पोटऱ्या चाचपल्या, पाठीवर थाप मारली. दात तेवढे बघायचे राहिले. मी लाजेने दुसरीकडे बघत उभा होतो.

शेवटी त्यांनी पैरा केला. बैलगाड्यांना आमच्याकडे तशी रीतच आहे: शर्यतीपुरता तुझा बैल माझ्या जोडीला, माझा तुझ्या, शर्यत झाली की ज्याचा त्याच्या दावणीला. चहा पिता पिता दत्तोबांशी बोलणं पक्कं झालं. दुकानात परतल्यावर दाजी गेणूला एवढंच म्हणाले, "सामान बांध, दसऱ्यापतूर तळेगावला ऱ्हायाचं."

"अहो, आपलाच गडी आपल्याविरुद्ध पळणार!" मी ओरडलो.

"पळू दे की. कुटं जातोय?"

आता या माणसापुढे कपाळ बडवून घ्यायचं नाही तर काय करायचं!

शर्यत सावळ्याने जिंकली. गेणू दुसरा आला, जेमतेम चाकाच्या अंतराने मागे. ढाल कायमची आमच्या भिंतीवर लागली, दाजींनी पेढे वाटले, आणि ठरल्याप्रमाणे सावळा तळेगावला परत गेला. गेणू मात्र येईना. आठवडाभर वाट पाहून दाजी मला घेऊन तिकडे गेले.

गेणू दुकानासमोर चाक सरळ करत बसला होता. "चल, पैरा फिटला," दाजी म्हणाले.

"म्या न्हाई येत, भाऊ."

"का रं? दत्तोबा पगार जास्ती देतो?"

"तेवडाच देत्यात." त्याने चाक खाली ठेवलं. "पन शर्यत झाल्यावर त्यांनी मला शेजारी बसवलं आन इचारलं, हितं ऱ्हातोस का म्हून. मला आजवर कुनी आसं इचारलं नव्हतं."

दाजी त्याच्याजवळ खाली बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी आता इचारतो. येतोस का, गेणू?"

"न्हाई, भाऊ," गेणू म्हणाला, आणि आत जाऊन त्याने आम्हा दोघांसाठी पाणी आणलं.