मोडलेलं बोट कुणाचं

आमच्या सांगलीच्या कॉलेजात माझी दंतकथा आहे. बास्केटबॉलच्या संघात आलेल्या पोरींना ती पहिल्याच दिवशी ऐकवतात: साताऱ्याच्या फायनलला कॅप्टनचं बोट मोडलं होतं, तरी शेवटची बास्केट तिनंच टाकली. ती कॅप्टन म्हणजे मी. मोडलेलं बोट माझं नव्हतं. बास्केटही माझी नव्हती.

त्या वयात मी म्हणजे काडीसारखे पाय आणि त्यावर डोंगराएवढा तोरा. बापाची हळदीची पेढी, म्हणून संघात बूट मला एकटीला. आणि बूट होते म्हणून कॅप्टन मी. त्या वर्षी जतकडची एक धनगराची पोर संघात आली. अनवाणी खेळायची. पास कसा द्यायचा हे सर मला वर्षभर शिकवत होते, ती ते घरूनच शिकून आली होती. "मेंढरू वळवायचं तर दगड त्याच्या अंगावर न्हाई, म्होरं टाकायचा," ती म्हणाली. सर हसले आणि मला म्हणाले, "शीक जरा हिच्याकडून."

मी चेंडू अंगावरच टाकला. फायनलच्या आदल्या दिवशी सरावात ती केस बांधत उभी होती, तेव्हा तिच्या तोंडाचा नेम धरून हाणला. तिनं हात आडवा घातला आणि मधलं बोट भलत्याच बाजूला वळलं.

सरांना तिनं काही सांगितलं नाही. खराट्याच्या दोन काड्या लावून, वर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून स्वतःच बोट बांधलं. "कोकराचा पाय असाच बांधत्यात," म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "तुमा पेठेतल्या पोरींस्नी भांडायला बी चेंडूच लागतो व्हय गं?"

दुसऱ्या दिवशी त्याच हातानं तिनं शेवटची बास्केट टाकली. मी तेव्हा लांब उभी राहून "मला दे, मला दे" असं केकाटत होते.

हात कोपरापर्यंत सुजला, म्हणून तिचा बाप तिला साताऱ्याहून परस्पर गावी घेऊन गेला. ती परत आलीच नाही. लग्न लावून दिलं म्हणे. कॉलेजातल्या सत्काराला प्राचार्यांनी अर्धंच ऐकलेलं. माझ्या गळ्यात हार घालत ते म्हणाले, "मोडक्या बोटानं खेळली ती तूच ना, बाळ?" मी मान खाली घातली. चांगल्या घरातली पोर कौतुक झालं की अशीच मान घालते. टाळ्या पडल्या आणि गोष्ट माझी झाली. पुढं इतकी वर्षं ती गोष्ट मी तूपरोटी घालून पोसली.

परवा त्याच कॉलेजानं मला सामन्याआधी सत्काराला बोलावलं. आता माझी नात त्या संघात आहे. मैदानाच्या कडेला ती उजवा हात पाठीमागं लपवत होती. मी ओढून बघितला. बोट वांग्यासारखं जांभळं.

"सरांना सांग."

"सांगितलं. ते म्हणाले, आजीला विचार."

मग मी तिला सगळं सांगितलं. चेंडू, काड्या, हार, खाली घातलेली मान. तिनं ऐकून घेतलं आणि हसली. "आजी, मला थांबवायला काहीही रचतेस."

"ही बघ माझी बोटं. एक तरी वाकडं आहे?"

तिनं माझं एकेक बोट दाबून बघितलं. मग तिचा चेहरा खुलला. "म्हणजे पूर्ण बरं होतं तर."

फेटा बांधला, शाल आली, नारळ आला, मग माईक हातात आला. एका वाक्याचं काम होतं. समोर सगळ्या पोरी माझ्या हाताकडं डोळे लावून बसलेल्या. या वयात असं कुणी बघत नाही हो आपल्याकडं.

"पोरींनो," मी म्हणाले, "दुखणं काय, बरं होतं. जिद्द सोडू नका."

शिट्टी झाली. पहिलाच पास नातीनं दोन्ही हातांनी झेलला. तिची किंचाळी त्या गलक्यात कुणाला ऐकू गेली नाही. मी पहिल्या रांगेत होते, मला आली.