विरजण मागायला आलेल्या काकू

अंगात आलेल्या बायांना "नाटकं पुरे" असं तोंडावर सुनावणारी मी. भुताखेतांवर विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितेय, कारण तो आवाज मी एकटीनेच ऐकला नव्हता...

पन्नासच्या दशकातली गोष्ट. डोंबिवलीत, स्टेशनच्या पूर्वेला आमची बैठी चाळ. पाच बिऱ्हाडं, मागे विहीर. हे ठाण्याला ऑफिसात. बाहेर अगदी गरीब गाय, घरात मात्र आमटी अळणी झाली तरी हात उचलायचे. माहेरी कळवलं तर आईचं उत्तर आलं, "पदरी पडलं, पवित्र झालं." मेलं कसलं पवित्र!

शेजारी सिंधूकाकू एकट्या राहायच्या. भिंतीतून त्यांना सगळं ऐकू जायचं. भांडायला त्या कधी आल्या नाहीत. वाटी घेऊन दारात उभ्या राहायच्या, "अगं सुमन, विरजण आहे का गं?" परकी बाई दिसली की हे लगेच सभ्य. वैद्यांनी काकूंचं दही कधीच बंद केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग काकू तापाने चार दिवसांत गेल्या. खोलीला कुलूप लागलं. माझी झोप उडाली. पाणी ओढताना मी विहिरीत जरा जास्तच वाकायची... मग स्वतःचीच भीती वाटायची.

एका रविवारी भरदुपारी भाकरी करपली. यांनी उलथनं उगारलं. मी डोळे मिटले — आणि दाराबाहेरून आवाज आला, "अगं सुमन, विरजण आहे का गं?"

यांचा हात वरच राहिला. "कोण आहे?" म्हणाले. म्हणजे यांनीही ऐकलं होतं! दार उघडलं तर ओटा रिकामा, काकूंचं कुलूप जागच्या जागी. हे मटकन खाली बसले.

महिनाभर मार बंद होता. मग पुन्हा एकदा यांचा आवाज चढला, तशी दारात चौथ्या खोलीतली कुसुम उभी. हातात वाटी. हळूच म्हणाली, "त्या रविवारी मीपण ऐकलं गं. वाटलं, आता आपणच जायला हवं."

पुढे चाळीत कुणाच्याही घरात आवाज चढला की वाटी घेऊन कुणीतरी निघायचंच. मीही गेले.

तो आवाज कुणाचा, ते मला आजही सांगता येत नाही. पण त्यानंतर विहिरीवर मी कधी जास्त वाकले नाही.