‘कसंतरी’चा रकाना

शालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत जायला वाडीच्या बसमध्ये बसले होते. तिच्या जावेचा फोन होता. आंघोळीला गेल्या त्या बाहेरच आल्या नाहीत, डॉक्टर हृदय बंद पडलं म्हणतात, एवढं सांगून ती रडायला लागली. कंडक्टर तिकिटासाठी हात पुढे करून उभा, आणि मी त्या अनोळखी माणसाला सांगत होते की कालच तर आम्ही सोबत डबा खाल्ला... पाच आठवडे झाले या गोष्टीला. अजूनही सकाळी माझ्या हातून डब्यात दोन पोळ्या जास्त पडतात, आणि मग माझाच मला राग येतो.

आम्ही दोघी एकाच सरकारी शाळेत शिकवायचो. ती विज्ञान, मी मराठी. आमच्या शाळेतल्या पोरांचे बाप ट्रकवर नाहीतर गोदामात हमालीला. भाड्याच्या खोल्या, आज इथे तर सहा महिन्यांनी भलतीकडेच. वर्षातून एकदा तपासणीचं पथक यायचं, पोरांचं वजन करायचं, दात बघायचं आणि जायचं. उरलेलं वर्ष एखादं पोर वर्गात डोकं टाकून बसलं की ते शालूकडे. तिने भंगार बाकांची खोली स्वतः झाडून घेतली, घरची खाट आणली, जुन्या साडीचा पडदा लावला आणि एक रजिस्टर ठेवलं.

त्या रजिस्टरपायी माझ्या हातून जे झालं ते लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. वरून नमुना आला होता, वर्षभरात किती मुलांना काय झालं ते भरायचा. रकाने छापील: ताप, खोकला, खरूज, पोटदुखी, इतर. माझं अक्षर चांगलं म्हणून तो मी भरायला घेतला. शालूच्या रजिस्टरमध्ये पानोपानी एकच शब्द, पोरांच्या तोंडचा. कसंतरी. ‘मॅडम, कसंतरी होऊन राहिलं.’ आता हे कुठे घालायचं? ‘इतर’मध्ये घातलं तर खुलासा द्यावा लागतो. मी शहाणीने सगळे कसंतरी उचलून पोटदुखीत टाकले. शालूने सोबत अर्ज जोडला होता, शाळेला एक नर्स आणि मुलांशी बोलायला एक समुपदेशक द्या म्हणून. महिन्याभराने उत्तर आलं ते खोक्यात. उघडून बघतो तर जंताच्या गोळ्या!

शालू माझ्यावर इतकी चिडली की दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच खोक्यावर बसून हसत सुटली. मग पट्टी घेऊन तिने रजिस्टरमध्ये लाल शाईचा एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘विचारल्यावर’. पोरगं कसंतरी म्हणालं की ती पेन खाली ठेवायची, पाण्याचा गिलास द्यायची आणि विचारायची, ‘काहून रे बाबू?’ मग गप्प बसून राहायची. मला ते कधी जमलं नाही. मी विचारते आणि उत्तरही मीच देऊन टाकते.

सातवीतली एक पोरगी दर सोमवारी पोट धरून यायची. मी तिला भरवशाने ओवा चारायची. शालूने विचारलं तेव्हा लाल रकान्यात आलं, ‘घरी गेल्यावर कुलूप उघडायची भीती वाटते.’ आई निघून गेली होती, बाप चार चार दिवस ट्रकवर, आणि खोलीत ही एकटी. शालू रोज संध्याकाळी तिच्यासोबत कुलूप उघडायला जायला लागली. पोरगी वर्गात बोलायला लागली, हसायला लागली. आणि एक दिवस बापाने बिऱ्हाड कळमेश्वरला हलवलं. शालूने तिथल्या शाळेत फोन लावला, तर असं विचारणारं कोणी आमच्याकडे नाही म्हणाले. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. ‘मी कुठं कुठं पुरू वं? सरकारनं पगार देऊन माणूस बसवाले पाहिजे. मी मेली तं ही खोली बंद. पोस्ट मरत नाही ना.’

त्यानंतर तिने एकही कार्यालय सोडलं नाही. आरोग्यवाले म्हणत हा शिक्षणाचा विषय, शिक्षणवाले म्हणत आरोग्याचा. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, लेखाशीर्ष. म्हणजे ज्या नावाखाली सरकार पैसा ठेवतं, ते नावच या कामाला नाही. एका साहेबाने लोकवर्गणी काढायचा सल्ला दिला. शालू म्हणाली, ‘लेकराइचं दुखणं काय गणपती आहे साहेब, वर्गणीतून बसवाले?’ मी बाजूला उभी, मला हसू आवरेना. तिला मात्र हसू आलं नव्हतं.

शोकसभेत सगळे तिला मायेचा सागर म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, माया नको होती तिला, पोस्ट हवी होती! गेल्या आठवड्यात तिच्या नावाने पत्र आलं, लेखाशीर्ष नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. मुख्याध्यापक वाईट माणूस नाही, पण तुटके बाक आता पुन्हा त्याच खोलीत ठेवायचे म्हणतो. मधल्या सुट्टीत दोन-तीन पोरं अजून त्या दाराशी येऊन उभी राहतात, कुलूप बघतात आणि परत जातात. काय करू मी? नवा अर्ज लिहायला घेतला आहे, पण कोणी वाचेल असं खरंच वाटत नाही.

अर्जाला जोडायला रजिस्टरच्या झेरॉक्स हव्या होत्या, म्हणून परवा कुलूप काढलं. खाटेवर बसून शेवटचं पान उघडलं. तारीख ती गेली त्याच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी डबा खाताना ती म्हणाली होती, ‘नंदा, मले आज कसंतरीच होऊन राहिलं वं.’ मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, ॲसिडिटी असेल, उपाशी फिरत असतेस... आणि ओव्याची डबी तिच्याकडे सरकवली. तिने चिमूटभर ओवा तोंडात टाकला, घंटा झाली, आम्ही उठलो. नंतर केव्हातरी ती इथे येऊन बसली असणार. पानावर शेवटची ओळ तिच्याच अक्षरात आहे. नाव: शालू मॅडम. तक्रार: कसंतरी. पुढचा लाल रकाना तिने कोरा सोडला आहे. मी विचारलंच नव्हतं.