ओढसरांचा लंबक

बातमी आली तेव्हा भोरच्या एसटी स्टँडवर चहा पिता पिता मी ओढसरांचीच नक्कल करत होतो. तोच कपाळावर चढवलेला चष्मा, तेच खाकरणं. मंडळी पोट धरून हसत होती. तेवढ्यात मोबाईल वाजला. सरांच्या पत्नीचा, वहिनींचा आवाज. "भावजी, हे गेले..." मी गप्प झालो, तर मंडळींना वाटलं हाही नकलेचाच भाग. सगळे आणखी हसले.

सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. 'गुरुत्वाकर्षण' म्हणताना पोरांची बोबडी वळते, सरळ 'ओढ' म्हणा, असं सांगत. म्हणून पोरांनी नाव पाडलं ओढसर. निवृत्तीनंतर भाटघरच्या घरी त्यांनी पडवीच्या तुळईला दोरीनं एक जुनं पितळी वजन टांगलं. हा त्यांचा लंबक. आल्यागेल्याला झोका द्यायला लावून विचारायचे, "आज आहे तेवढीच ओढ विश्वाच्या आरंभीही होती का?" मी म्हणायचो, "कमीच झालीय, सर! लग्नाआधी हिला बघायला पालीहून भोरला सायकल हाणत यायचो. आता ही माहेरी गेली की निवांत झोप लागते!" वहिनी तोंडाला पदर लावून हसायच्या. सर मात्र गंभीर होऊन सांगायचे. पूर्वी ओढ फार जास्त असती तर सूर्य अधिक तापला असता, समुद्र उकळले असते. पण अतिप्राचीन खडकांतही पाण्याच्या खुणा सापडतात. दूरच्या ताऱ्यांचा जुना प्रकाश तपासला, तरी माणसाला मोजता येईल तिथवर फरक दिसलेला नाही. मग माझ्या पाठीत थाप. "लांब गेलं की ओढ कमी होते, काळ गेला म्हणून नाही. तू थकलास, गड्या!"

परवा भाटघरला गेलो. वहिनींना हसवायचंच, असं ठरवून दोन किस्से वाटेत घोळवले होते. त्या पडवीत एकट्या, वजनाला झोका देत बसलेल्या. "थांबतंय सारखं. पुन्हा ढकलायचं..." किस्से बाजूलाच राहिले. सगळे म्हणतात तेच मीही म्हणालो, "दिवस जातील तसं हलकं वाटंल, वहिनी."

त्यांनी वर पाहिलं. "भावजी, तुमी तरी असं नका म्हणू. तुमच्याच देखत सांगितलं न्हाई का त्यांनी? वढ न्हाई कमी व्हत. मानूस थकतं नुसतं."

जन्मभर बोलण्यावर टाळ्या घेतलेला मी त्या वजनाकडे बघत बसलो. वजन मंदावत मंदावत थांबलं. दोघांपैकी कुणीच उठलं नाही. दोरी मात्र तेवढीच ताणलेली होती.