रविराजचं राजेशाही अक्षर

निमोण्याच्या हौसरावांचा रविराज शेती सोडून सणसवाडीत आला आणि गाड्यांवर, पाट्यांवर चिकटवायची रेडियमची अक्षरं कापायला बसला. त्याला स्वतःला कलाकार म्हणवून घ्यायची फार हौस. मी त्याला कारागीरही म्हणणार नाही.

साल दोन हजार तीन. त्याच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी इंग्रजी अक्षराचं एक वळण, म्हणजे फॉन्ट, टाकून दिलं होतं. जाड उभे दांडे, टोकाला भाल्यासारखे मोडलेले, मध्ये केसाएवढी रेघ. तेव्हापासून टेम्पो, नंबरप्लेट, रसवंती, सगळ्यावर तेच. आणि सगळं कॅपिटलमध्ये, कारण गाड्यांवर त्याने तसंच पाहिलेलं. ही अक्षरं एकाला एक चिकटून उभी केली की शब्द राहत नाही, लोखंडी गेट होतं.

माझी लेक दीक्षा डॉक्टर झाली आणि तिने तिथे दवाखाना काढला. पाटीचं काम यालाच मिळालं.

"काकू, विंग्लंडची राजेशाही डिझाईन हाय. पार हायवेवरनं नजर खेचंल."

"वाचता येईल का?"

"मला येतंय की!"

त्यानेच लिहिलेलं! दुकानासमोर टेम्पोवाला ज्ञानू उभा होता, त्याला पाटी दाखवून विचारलं. तो म्हणाला, "काय की बुवा. बियर बार निघतोय का?"

रविराज हसला. "ज्ञानूला काय कळतंय?"

पाटी लागली, तेच अक्षर, सगळं इंग्रजी कॅपिटलमध्ये. आठवडाभर दीक्षा रिकाम्या बाकाकडे बघत बसली आणि मी तिच्याकडे. एका दुपारी परगावची एक बाई, कडेवर तापाने फणफणलेलं मूल, बरोब्बर त्या पाटीखाली उभी राहून मला विचारते, "दीदी, इधर डॉक्टर कहाँ बैठते हैं?" मी नसते तर ती पुढे निघून गेली असती.

मूल आत नेलं आणि पाटी उतरवून तडक रविराजकडे गेले.

"लोकच अडाणी, काकू. अक्षराचा काय दोष?"

अक्षराचा नाहीच. दीक्षाच्या वक्तृत्वाच्या प्रमाणपत्रावर तेच अक्षर आहे. वर एकच मोठा शब्द, पहिलं अक्षर तेवढं कॅपिटल, बाकी कागद मोकळा. तिथे शोभतं, कारण भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचायला सवड असते. आजारी पोर कडेवर घेऊन कुणी नक्षी सोडवत बसत नाही. हे मी त्याला सांगितलं. तो मोबाइलशी खेळत होता. त्याच्या स्वतःच्या दुकानाची पाटीही त्याच अक्षरात होती, आणि गिऱ्हाइकाला पत्ता सांगताना हा म्हणायचा, "टायरवाल्याच्या शेजारी या."

मी स्टूल ओढून बसले. "साध्या मराठीत 'दवाखाना' काप. लाल. पांढऱ्या पत्र्यावर. झाल्याशिवाय मी उठत नाही."

तोंड वाकडं करून त्याने कापलं. कोपऱ्यात नेहमी स्वतःचं नाव टाकायचा, या वेळी म्हणाला, "असल्या कामाखाली आमचं नाव नगं."

"नकोच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कंपनी सुटल्यावर दोन बाया रस्त्यापलीकडे थांबल्या. एकीने बोट दाखवून "द-वा-खा-ना" वाचलं, आणि दोघी रस्ता ओलांडून आल्या. दीक्षा त्यांना बसायला बाकावरचं वर्तमानपत्र उचलत होती.